तुपाशिवायची पेज

त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. कार्ल्सरूहेतल्या एका छोट्या कंपनीत आम्ही दोघंच मराठी. तो माझ्याहून बराच मोठा, पुण्याचा, आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "सर-बिर नको गं, दादा म्हण." म्हटलं दादा. तिथेच फसले.

माझं काम गिअरबॉक्सच्या आवाजाचं. चालत्या गाडीत एक बारीक शिट्टी यायची. ती कुठल्या दात्यांतून येते हे शोधण्यात माझा अख्खा हिवाळा टेस्ट बेंचवर गेला, आणि शेवटी सापडलं. ग्राहक कंपनीची माणसं ऐकायला येणार होती. प्रेझेंटेशन हीच करेल, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, ते पक्कं होणार की मी बॅग भरून पुण्याला परतणार, हे त्या एका सकाळवर होतं.

आणि नेमकी छाती कफाने भरली. दोन वाक्यं बोलले की खोकल्याची उबळ, खोकला तोही ओला, घरघरणारा. दादाचा जीव अगदी कळवळला. रोज सकाळी थर्मासमधून हळदीचं दूध, वर तुपाचा तवंग. "तुझ्या वहिनीने मुद्दाम पाठवलंय, गरम आहे तोवर पी." मी पीत होते. परक्या मुलखात कोण कुणाचं एवढं करतं, म्हणून डोळेही भरून यायचे. कफ काही हटेना, उलट वाढला.

एका मीटिंगमध्ये दादाने सफाईदार जर्मनमध्ये साहेबांना सांगितलं की हिला त्रास नको, प्रेझेंटेशनला मीच उभा राहतो. साहेब म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर, तब्येत आधी." मग दादा माझ्याकडे वळून मराठीत, अगदी मायेने, "तू सरळ डॉक्टरकडून आजारपणाची चिठ्ठी, ती क्रांकश्राइबुंग, घे आणि घरी पड. स्लाइड्स तेवढ्या पाठवून दे." माझ्या स्लाइड्स. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तर नुसता खोकला बाहेर आला. दादाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो आणि अजून डोकं फिरतं.

माझ्या समोरच्या टेबलावर एक चिनी इंजिनिअर बसायची. तिला मराठी कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. संध्याकाळी ती मला आपल्या घरी घेऊन गेली आणि मोडक्या जर्मनमध्ये पहिलाच प्रश्न विचारला, तू खातेस काय? मी सांगितलं: हळद-दूध, मऊ भात, तूप, केळं. ती कपाळाला हात लावून बसली. तिच्या माहेरच्या हिशेबाने मी कफाला पंक्तीला बसवून आग्रहाने वाढत होते.

मग तिने पेज लावली. तांदूळ मूठभर आणि पाणी पातेलंभर. जवासारखे दिसणारे टपोरे पांढरे दाणे, आशिया-लाडनमध्ये, म्हणजे आशियाई वाणसामानाच्या दुकानात मिळतात, ते आधी कोरडेच भाजून घेतले. पांढऱ्या मुळ्याचे तुकडे, आल्याची चकती, आणि बरणीत वर्षानुवर्षं राखलेली संत्र्याची वाळकी साल. ती साल भिजवून, आतला पांढरा भाग खरवडून तिने बारीक चिरली. मंद आचेवर दाणा फुटेपर्यंत ढवळत राहायचं आणि गरम असतानाच खायचं. सगळं सामान तिने मला बांधूनही दिलं.

दुसऱ्या दिवशी घरी मीच केली. वाटीत ओतली आणि हात आपसूक तुपाच्या डब्याकडे गेला. आजाऱ्याच्या पेजेवर तूप नाही म्हणजे आमच्याकडे सवतीच्या पोराला वाढल्यासारखं. चिनी मैत्रीण बघायला म्हणून आली, तवंग पाहिला आणि सरळ माझी वाटी सिंकमध्ये पालथी केली. चिडले मी. पण त्यानंतर तशीच बिनतुपाची, फिकी पेज खात राहिले, आणि दादाचं दूध ऑफिसच्या बेसिनमध्ये ओतत राहिले.

सोमवारी उठले तर छाती मोकळी. कुणी म्हणेल, खोकला आपोआपच जायचा होता. म्हणू दे. मी खिडकी लावून अख्खं प्रेझेंटेशन मोठ्याने म्हणून पाहिलं, एकदाही अडखळले नाही. आणि तेव्हाच ठरवलं, हे कुणाला सांगायचं नाही. ऑफिसात मी खोकत राहिले, स्लाइड्सही दादाला पाठवून दिल्या. दादा रोज चौकशी करायचा आणि रोज त्याचा चेहरा उजळायचा.

प्रेझेंटेशनच्या सकाळी मी गळ्याला मफलर गुंडाळून शेवटच्या खुर्चीत बसले. दादा छान बोलला, माझीच वाक्यं, माझेच आलेख. मग समोरच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरने विचारलं, गाडी थंड असताना ही शिट्टी येत नाही, तापल्यावरच का येते? ते स्लाइडवर नव्हतं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खोकले. तो म्हणाला, "आल्झो... म्हणजे..." आणि थांबला. म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं. दादाने पुन्हा पाहिलं, आता डोळ्यांत विनवणी. मी रुमाल तोंडाशी धरून आणखी जोरात खोकले. त्याच्या कपाळावर घाम आला, साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी त्याला पुरेसा वेळ त्या घामात उभा ठेवला. त्यातला एकेक क्षण मला गोड लागला.

मग मी मफलर सोडला आणि उभी राहिले. आवाज खणखणीत निघाला. तापल्यावर गिअरबॉक्सची बाहेरची पेटी फुगते, शाफ्ट किंचित सरकतो आणि दाते कडेवर घासतात, असं सांगून पुढचे सगळे प्रश्न मीच घेतले. दादा हळूच माझ्या खुर्चीत जाऊन बसला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्याने विचारलं, "घसा कधी सुटला तुझा?"

"सोमवारी, दादा," मी म्हटलं.

माझी नोकरी पक्की झाली. तो अजून इथल्या मराठी मंडळींत सांगत फिरतो की धाकट्या बहिणीसारखं वागवलं आणि पोरीने केसाने गळा कापला. बरोबर सांगतो. कापला, आणि त्या रात्री मी गाढ झोपले.