कुणाच्या तरी कामाला येईल

आईला बीडला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, तेव्हा एक मुलगी बाकावर आमच्या शेजारी बसली होती. तिशीची असेल. वडिलांना डब्यातला भात भरवत होती. घास तोंडात धरून ते गिळायचं विसरत. मग ती त्यांच्या गालाला बोट लावून हळूच म्हणायची, "दादा, गिळा."

माझ्या आईचंही तसंच. आधी आठवण गेली, मग पडून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊनही ती पाय टेकवायला घाबरायची.

"दोन्ही दुखणी संगंच कावून येतात, काय माहीत," मी म्हणालो.

"तेच तर शोधतो आमी, पुण्याला प्रयोगशाळेत."

पोटातल्या बाळाचा मेंदू घडवणारे काही रेणू म्हातारपणी बिघडले, तर विसराळूपण आणि ठिसूळ हाडं दोन्ही त्यातूनच येतात का, हे ती उंदरांवर तपासत होती.

"औषध निघालं का?"

"न्हाई अजून. लई वर्षं लागतील. दादांच्या कामाला न्हाई यायचं ते."

"मग?"

"कुणाच्या तरी येईल की."

तिने वडिलांचं तोंड पुसलं आणि आईपुढे हात केला. "मावशी, चालल्यानं हाडालाबी बरं अन् डोक्यालाबी. या माझ्यासंगं."

आईने तिचा हात धरला. मग ती उठली आणि तिने पाय टेकवला. दोघी दारापर्यंत चालत गेल्या.

त्या मुलीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आई आता रोज अंगणात चालते. माझं नाव तिला कधी आठवतं, कधी नाही. पण त्या विसरण्याच्या मागे कुणीतरी हात धुऊन लागलंय, हे मला ठाऊक आहे.