विजूताईंची पिवळी रेघ

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी, त्सुकुबा शहराबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या गोदामात, एकोणतीस लाख ऐंशी हजार येनांची मोटार सुट्या भागांत, अकरा खोक्यांतून उतरली. इंजिन त्यात धरलेले नाही, ते वेगळे यायचे होते. त्या वेळी तिघे हजर होतो. गोदामाचे मालक इशिई-सान, ज्यांची कमळकाकडीची शेती आहे. मोटारीच्या मालकीणबाई विजूताई लिमये. आणि खोकी उचलायला बोलावलेला मी. ज्यांनी असायला हवे होते ते सुधीरराव, म्हणजे विजूताईंचे यजमान, आले नाहीत. "तुझ्या तिरडीचे बांबू मोजायला मी येणार नाही," असे ते सकाळी चहा पिताना म्हणाल्याचे विजूताईंनीच मला सांगितले, आणि वर म्हणाल्या, "बांबू नाहीत रे, पाइप आहेत. आणि मोजून घेतलेत."

विजूताई तेव्हा चोपन्न वर्षांच्या होत्या. भोसरीत त्यांच्या वडिलांचा लेथचा कारखाना होता. मेकॅनिकल इंजिनीअरिंग करून त्या नोकरीला लागल्या, आणि सुधीररावांना इथल्या संशोधन संस्थेत जागा मिळाली तेव्हा नोकरी सोडून जपानला आल्या. पहिली काही वर्षे त्यांनी डबे भरण्याच्या कारखान्यात बाइतो, म्हणजे तासांवरचे काम, केला. भाषा आल्यावर एका छोट्या कंपनीत सुट्या भागांची तपासणी करण्याचे काम मिळाले. त्या पगारातून त्यांनी साठवलेला पैसा या अकरा खोक्यांत गेला.

त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मला कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवर एक बारीक पिवळी रेघ दिसली. अर्धी रेघ स्क्रूवर, अर्धी दांड्यावर. मग गॅसच्या नळीवर दिसली, खुर्चीच्या पायांवर दिसली, सुधीररावांच्या चष्म्याच्या काडीवरही दिसली. "पूर्ण आवळलं की रेघ," विजूताई म्हणाल्या. "रेघ तुटलेली दिसली, तर ते सैल झालं. रेघच नसली, तर ते आवळलेलंच नाही. सदानंद, लक्षात ठेवायचं नसतं, बघायचं असतं. लक्षात ठेवणारी माणसं मरतात."

मी एका विमा कंपनीसाठी दाव्यांची प्रणाली लिहितो. दिवसभर माझ्यासमोर अपघात असतात. कोणत्या वेगाला, कोणत्या वळणावर, कोणता पाय मोडला. त्यामुळे या गाडीचे आकडे मी घरी येऊन कागदावर मांडले. आमच्या घरच्या गाडीत एका अश्वशक्तीच्या वाट्याला तेरा किलोंहून जास्त वजन येते. विजूताईंच्या गाडीत येणार होते तीन किलोंच्या आसपास. छप्पर नाही, एअरबॅग नाही, दरवाजे नाहीत. बसल्यावर हात खाली सोडला तर रस्त्याला लागेल. हे मी अंजलीला, माझ्या बायकोला, वाचून दाखवले. ती भाजी चिरत होती. "तुम्ही त्यात बसणार असाल तर तुमचा विमा कितीचा आहे ते आधी सांगून ठेवा," ती म्हणाली. आमची मुलगी शेजारच्या खोलीतून जपानीत एवढेच बोलली, "अबुनाई." धोक्याचे आहे.

तरी मी जात राहिलो. का, हे सांगणे सोपे नाही. शनिवारी फोन यायचा, "अरे, एक माणूस हवाय. अक्कल नको, हात हवेत." माझे काम आकडे वाचण्याचे. पुस्तकात बघून मी म्हणायचे, "डावं, मागचं, वरचं, ऐंशी." त्या ठरावीक जोराला टक वाजणारा पाना लावायच्या, टक झाले की बोट दाखवून म्हणायच्या, "ऐंशी. टक झालं." आणि रेघ ओढायच्या. इथे रेल्वेचे गार्ड सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतात, तशीच ती रीत. इशिई-सान दारात उभे राहून ऐकायचे. "टक झालं" एवढे मराठी त्यांनाही येऊ लागले होते.

एकदा मी विचारले, "ताई, दुकानात चांगल्या गाड्या मिळतात. वेगवानसुद्धा. मग हे कशाला?"

त्या गाडीखालून बाहेर आल्या नाहीत. "दुकानातली गाडी कुणीतरी दुसऱ्यानं माझ्या वतीनं घाबरून बनवलेली असते. सगळी काळजी त्यांनी घेतलेली. मला काही कळायचं बाकीच ठेवत नाहीत. ही मी बनवली, म्हणजे हिच्यातली भीती माझी. कुठला आवाज कुठून येतोय ते मला पोटात कळणार."

"म्हणजे तुम्हाला भीती वाटते?"

"न वाटायला मी काय दगड आहे? भीती म्हणजे इन्स्पेक्टर रे. आला की बसवायचं, चहा द्यायचा, सगळं दाखवायचं. लाच द्यायची नाही, बस."

उन्हाळ्यात इंजिन बसवून झाले. पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा गोदामाचा पत्रा थरथरला आणि शेतातले बगळे उडाले. विजूताई हसत होत्या. तसे हसताना मी त्यांना कधी पाहिले नाही, ना त्याआधी, ना नंतर. त्यांचे खांदे हलत होते आणि आवाज इंजिनात बुडाला होता. मी दोन पावले मागे सरकलो होतो, हे घरी येऊन आठवले.

दसऱ्याला गाडी प्रथम हलवायची असे ठरले. रस्त्यावर नाही, अजून नंबर नव्हता. इशिई-सानांच्या खाजगी शेतवाटेवर. विजूताई म्हणायच्या, "सीमोल्लंघन." अष्टमीला संध्याकाळी पुढच्या डाव्या चाकाचे काम राहिले होते. चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी त्रिकोण असतो, त्याचे दोन बोल्ट त्यांनी नुसते हाताने फिरवून ठेवले आणि पाना पुसून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा, हत्यारे विश्रांतीला. त्यांच्या वडिलांच्या कारखान्यात नवमीला लेथचे बटणसुद्धा कुणी दाबत नसे. "रेघ नाही मारलेली," त्या मला म्हणाल्या. "परवा सकाळी ती दोन आवळू. दिसतीलच."

नवमीच्या पूजेला सुधीरराव आले. वर्षभरात पहिल्यांदा. टोकियोत ओजिमाला असलेल्या भारतीय दुकानातून नारळ आणला होता, घरून हळद-कुंकू. विजूताईंनी दारातच बजावले, "कुंकू गाडीला लावू नकोस, डाग पडतो. हळद लाव." सुधीररावांनी मान हलवली. ते उंच, अबोल गृहस्थ. गाडीकडे ते असे बघत होते की जणू ती झोपली आहे आणि जागी होईल. नारळ बाहेर फोडायचा होता. इशिई-सानांना त्याचे फार कुतूहल, म्हणून विजूताई आणि मी त्यांना घेऊन अंगणात गेलो. परत आलो तेव्हा सुधीरराव पुठ्ठ्यावर आडवे होऊन गाडीखालून बाहेर येत होते. पँटला माती, हातात वाटी. वाटीत हळद तेलात कालवलेली.

"काय रे, खाली कशाला?" विजूताई म्हणाल्या.

"लावली हळद," ते म्हणाले. "झाली पूजा."

दसऱ्याला सकाळी मी रजा घेऊन गेलो. सुधीरराव संस्थेत गेले होते. "मी बघायला येणार नाही" हे त्यांनी आधीच सांगितले होते. पान्यावरचे फूल काढून विजूताईंनी बॅटरी घेतली आणि आम्ही पुढून मागे फिरलो. त्या बोट दाखवत होत्या, मी म्हणत होतो, "रेघ आहे." पुढच्या डाव्या चाकाशी त्या क्षणभर थांबल्या. "इथलं राहिलं होतं ना?" बॅटरी मारली. दोन्ही बोल्टांवर पिवळे होते. "नाही, झालंय वाटतं. रेघ आहे." त्या पुढे गेल्या.

डोक्यावर हेल्मेट, छातीवर पट्टे. मला शेजारी बसवले ते तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान मोठ्याने वाचायला. बसल्यावर माझे ढुंगण जमिनीपासून एक वीत होते. माझ्या गुडघ्यांवरून हवा जात होती. शेतवाट सरळ होती, दोन्ही बाजूंना कमळाची तळी, पाने वाळून वाकलेली, खाली काळे पाणी. पहिला गिअर, दुसरा. मला वेग कळला नाही, आवाज कळला. मी ओरडलो, "दाब चार! तापमान पंच्याऐंशी!" विजूताई ओरडल्या, "शाबास!" आणि वाटेचा शेवट दिसू लागला तसा त्यांनी ब्रेक दाबला.

खाली डावीकडे काहीतरी ठणकन वाजले. स्टिअरिंग त्यांच्या हातात झटके देऊ लागले. गाडी डावीकडे, माझ्या बाजूच्या तळ्याकडे ओढू लागली. मला पाणी दिसत होते, फक्त पाणी. "हात आत!" त्या एवढेच म्हणाल्या. ब्रेक सोडला, गाडी जाईल तशी जाऊ दिली, आणि मग थोडा थोडा, अगदी थोडा दाबत राहिल्या. आम्ही थांबलो तेव्हा पुढचे डावे चाक बाहेर कलले होते आणि तळ्याच्या काठाचे गवत माझ्या कोपराला लागत होते.

इंजिन बंद केले. विजूताईंनी पट्टे सोडायला हात घातला. बोटे पट्ट्यावरून घसरली, पुन्हा घातला, पुन्हा घसरली. तेव्हा मला अधिक भीती वाटली. त्यांची बोटे कधी घसरत नसत.

मग त्या उतरल्या, चाकाशी आडव्या झाल्या. एक बोल्ट निघून पडला होता, दुसरा अर्ध्यावर लोंबत होता. त्याच्या डोक्यावरच्या पिवळ्यावर त्यांनी बोट घासले. ते बोटावर आले. त्यांनी ते नाकाशी नेले.

"हळद," त्या म्हणाल्या.

मला कळायला वेळ लागला. कळले तेव्हा पहिले वाक्य तोंडातून निघाले ते हे, "ताई, सुधीररावांना सांगू नका. ते मरतील."

"बोल्ट मी सैल ठेवले. पिवळं दिसलं म्हणून पाना न लावता पुढे गेले ती मी. त्याचं यात काही नाही." त्या वाटेवरच बसल्या. "पण सांगणार. लपवलं तर पुढच्या वेळी मला भीती कमी वाटेल."

संध्याकाळी त्यांनी मलाही घरी नेले. टेबलावर आपट्याची पाने पडली होती. विजूताईंनी सगळे सरळ सांगितले, काही गाळले नाही. तळे, काठ, माझे कोपर. सुधीरराव ऐकत होते. मग ते आपल्या हातांकडे बघत राहिले. नखांत अजून पिवळे होते.

"विजू, मी जिथं जिथं लावली ना," ते म्हणाले, "तिथं तिथं मला वाटायचं की इथून तुटेल. म्हणून लावली."

मी उठून जावे की बसावे, मला समजेना.

"विकून टाक," ते म्हणाले.

"विकते. पण आधी एक कर. उद्या गोदामात चल. तुला जिथं जिथं भीती वाटली ती प्रत्येक जागा मला दाखव. मी खोलते. काही राहिलेलं निघालं तर विकते. तुझ्या शब्दावर."

"मला यातलं काही कळत नाही."

"भीती कळते ना? तेवढं पुरे. मला सवय झालीय रे या गाडीची. तुला नाही झालेली."

ते गेले. त्यानंतर हिवाळाभर, रविवारमागून रविवार, गेले. माझी आकडे वाचण्याची जागा त्यांनी घेतली आणि मी हत्यारे पुसण्यावर आलो. ते वाईट मदतनीस होते. प्रत्येक बोल्टपाशी विचारायचे, "हा तुटला तर काय होईल?" विजूताई उत्तर द्यायच्या, आणि उत्तर देताना कधी कधी थांबायच्या, खाली वाकायच्या, पुन्हा मोजायच्या. सुधीररावांच्या विचारण्यातून ब्रेकची एक नळी स्टिअरिंगच्या दांड्याला घासते आहे हे निघाले. दांडा पूर्ण वळवल्याशिवाय ते दिसत नव्हते. विजूताईंनी नळी हलवली आणि मग बराच वेळ हात धूत बसल्या. चाकाचा त्रिकोणही नवा मागवला. विकण्याचा विषय मात्र पुन्हा कुणी काढला नाही. घाबरलेला माणूस शेजारी बसलेला असताना गाडी बांधणे, हीच बहुधा त्यांची खरी चाचणी होती. मला आजही, आमच्या साध्या गाडीत बसताना, आधी चाकांपाशी वाकल्याशिवाय राहवत नाही. अंजली हसते. हसू दे.

विजूताई आता पुण्यात असतात. सुधीररावांची मुदत संपली. गाडी तिकडे नेता येण्यासारखी नव्हती. ते मला इथे सांगायचे नाही. मला सांगायचे आहे ते एप्रिलचे, गाडी सरकारी तपासणीतून पार झाली त्या आठवड्याचे.

नंबर मिळाला, सक्तीचा विमा झाला. पण ऐच्छिक विमा, म्हणजे ज्याच्या जोरावर माणूस रस्त्यावर निघतो तो, घरी बांधलेल्या गाडीला कुणी देईना. माझ्या ओळखीने विचारून विचारून शेवटी मित्सुकाइदो भागातल्या एका एजंटबाई तयार झाल्या. हप्ता जबर. चालवणार एकच, विजया लिमये. शेजारच्या सीटचे वेगळे कलम होते. एजंटबाई म्हणाल्या, कुणी बसणार नसेल तर ते वगळते, पैसे वाचतील.

"वगळा," विजूताई म्हणाल्या. "सदानंद आता बसायचा नाही."

खरेच होते.

सुधीरराव खिडकीजवळ उभे होते. ते आले, त्यांनी कोटाच्या खिशातून पाकीट काढले. नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या. "वगळू नका," ते जपानीत म्हणाले.

विजूताई वळल्या. "सुधीर, अरे कुणी जबरदस्ती नाही केलेली. तू म्हणालास ना—"

"मला भीती वाटते," ते म्हणाले. "अजून. पण घरी बसून जास्त वाटते."

शेजारच्या सीटच्या त्या कलमाचे वर्षाचे अकरा हजार सहाशे चाळीस येन त्यांनी टेबलावर मोजून ठेवले आणि एजंटबाईंकडे सरकवले.