एका पत्त्यावर पाच मुली

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तो कोणावर काढायचा हेही मला एरवी चांगलं कळतं. पण त्या दिवशी राग आला तो स्वतःचाच, आणि त्याचं काय करायचं ते कळेना. टेबलावर फॅक्सने आलेला एका पावतीचा कागद होता. त्यावर एका मुलीचं नाव, तिच्या अर्जाचा नंबर, आणि त्या सगळ्यावरून आडवा, जाड पेनाने लिहिलेला एक शब्द: बनावट.

ती पावती ज्या वेबसाइटवरून निघाली होती, ती मी बनवली होती.

आटगावजवळच्या आमच्या गावातून मी शहापूरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले, ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीला. वडिलांना वाटायचं मी टायपिंग शिकते आहे, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. पुढे कल्याणला एका लहानशा कंपनीत नोकरी लागली. आम्ही चार जण आणि आमचे साहेब, एवढीच कंपनी. तिथे दोन हजारनंतरच्या काही वर्षांत एका नर्सिंगच्या संस्थेचं काम आलं. प्रवेशाचे अर्ज इंटरनेटवरून भरायचे होते. साहेबांनी ते माझ्याकडे दिलं, कारण शहापूर-मुरबाडच्या मुली अर्ज भरणार म्हटल्यावर "तुझ्याच गावाकडचं आहे."

वेबसाइटला मुळात कोणाची ओळख राहत नाही. तुम्ही एका पानावर नाव लिहिलंत आणि पुढच्या पानावर गेलात, की तिच्या लेखी तुम्ही परके. म्हणून आल्याबरोबर तुम्हाला एक खूण द्यावी लागते. त्या खुणेवरून ती प्रत्येक पानावर तुम्हाला ओळखते आणि तुमचा अर्धा भरलेला अर्ज तुमच्यापुढे ठेवते. आमच्या धंद्यात याला सेशन म्हणतात. ही खूण कॉम्प्युटरमध्ये गुपचूप ठेवता येते, नाहीतर वर जो पत्ता दिसतो त्याच्या शेपटीला लावता येते. पहिली रीत बरी. पण मुरबाडच्या सायबर कॅफेवाल्याने, व्हायरस येतो असं कोणीतरी सांगितल्यामुळे, ती सोय सगळ्या मशीनवर बंद करून टाकली होती. आणि त्यात लोडशेडिंग. अर्ज सात पानी, आणि मुरबाडला वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. सहाव्या पानावर असताना वीज गेली की मुलीने सगळं पहिल्यापासून भरायचं, हे मला बघवेना.

मग मी डोकं चालवलं. खूण पत्त्यालाच लावली. तीही लांबलचक नाही, आठच अक्षरांची, कोणालाही कागदावर उतरवून घेता येईल अशी. पंधरा दिवस ती चालेल अशी व्यवस्था केली. अर्ज पूर्ण झाल्यावरही शेवटच्या तारखेपर्यंत त्यात दुरुस्ती करायची मुभा ठेवली. पानावर ठळक लिहिलं, "वरील ओळ लिहून ठेवा. वीज गेल्यास याच ओळीने तुमचा अर्ज पुन्हा उघडेल." साहेबांना दाखवलं तेव्हा ते खूश झाले, आणि मी आठवडाभर ऑफिसात शेखी मिरवत होते. मुंबईच्या पोरांना लोडशेडिंग काय ठाऊक, असंही मी एकदा म्हणाले.

आणि आता हा फॅक्स आला होता. पाठोपाठ संस्थेच्या कारकुनाचा फोन आला. ही मुलगी पावती घेऊन ऑफिसात आली होती, मुलाखतीच्या यादीत आपलं नाव का नाही, असं विचारत होती. त्या नंबरावर तर दुसऱ्याच मुलीचं नाव होतं. "लोक खोट्या पावत्या छापायला लागलेत," तो म्हणाला, "तुम्ही पावतीवर काहीतरी शिक्का छापायची सोय करा." मुलीला त्याने हाकलून दिलं होतं.

मी सर्व्हरच्या नोंदी काढल्या. एकच खूण, मुरबाडच्या त्याच कॅफेतून, आठवडाभर वेगवेगळ्या दिवशी उघडलेली होती. दर वेळी तोच अर्ज बदललेला. आधीचं नाव कुठेच उरलं नव्हतं, कारण जुनं जपून ठेवायचं मला सुचलंच नव्हतं. पावती खरी होती. खोटं काही असेल तर ते माझं काम होतं.

साहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "पानावर स्पष्ट लिहिलंय ना, तुमचा अर्ज म्हणून? त्यांनी ओळ दुसऱ्याला दिली, ही त्यांची चूक. आपण हात वर करायचे."

"मुलाखती पुढच्या आठवड्यात आहेत," मी म्हटलं. "मला उद्या सुट्टी हवी."

"कशाला?"

"टोकावड्याला जाते."

ते काहीतरी बोलत होते, मी ऐकलं नाही. पावतीवर पत्ता होता टोकावड्याच्या एका मुलींच्या वसतिगृहाचा. दुसऱ्या दिवशी शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला एसटीने गेले आणि तिथून जीपने टोकावड्याला. जीपवाल्याने आणखी तीन माणसं मिळेपर्यंत गाडी हलवली नाही. त्याच्याशी भांडून झाल्यावर जरा बरं वाटलं.

वसतिगृहाचे सर पन्नाशीचे, सरळ माणूस. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आधी मला पाणी दिलं आणि मग मुलीला बोलावलं. बारीक अंगाची, दोन वेण्या घातलेली. गावाबाहेरच्या वाडीतली होती. तिचे आईबाप दर वर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, हे सरांनीच सांगितलं. दहावीनंतर दोन वर्षं हिला भट्टीवर जाण्यापासून सरांनी अडवून ठेवलं होतं. यंदा प्रवेश नाही झाला, तर तीही भट्टीवर जाणार होती.

"तुझ्या अर्जाची ओळ तू कोणाला दिली होतीस का?" मी विचारलं. आवाज माझ्या नकळत चढलाच.

ती सरांकडे बघायला लागली. सर उठले, मला शेजारच्या खोलीत घेऊन गेले आणि फळ्याकडे बोट दाखवलं. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, चौकट आखून, 'पुसू नये' असं लिहून, सुरेख अक्षरात माझ्या वेबसाइटचा पत्ता होता. शेपटीच्या आठ अक्षरांसकट.

"हिचा फॉर्म पहिल्यांदा भरला," सर म्हणाले. "मधेच लाइट गेली. दोन दिवसांनी त्या ओळीने बरोबर उघडला. मी म्हटलं, ओळ चांगली चालते, बाकीच्या चौघींना पण हीच देऊ. संस्थेच्या पत्रकातला पत्ता टाकला की मशीन फिरतच बसायचं."

"पण उघडल्यावर त्यात हिचं नाव, हिचे मार्क दिसले असतील ना?"

"दिसले ना," ती मुलगी पहिल्यांदा बोलली. "त्या चौघी बोलल्या, नमुना हाय. पोस्टात भिंतीवर भरलेला फॉर्म लावतात ना, तसा. मग माझं पुसलं आन आपलं लिवलं."

मी बाकावर बसले. पोस्टात, एसटीच्या पासाच्या खिडकीवर, तलाठ्याकडे, जिथे जिथे अर्ज असतो तिथे भरलेला नमुना असतो. मीही पहिला अर्ज तसाच बघून भरला होता. माझ्या गावाकडच्या लोकांसाठी म्हणून मी सगळं केलं, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

"पन तुझ्या ओळीची चिठ्ठी तू सरांना दिलीस कशाला?" गावची बोली माझ्या तोंडी आपोआप आली.

तिला प्रश्नच कळला नाही. "चालत होती ना, ताई," ती म्हणाली. "आमचा फॉर्म झाला, आता त्यांचा पन होऊ दे. आपल्याजवळ ठेवून काय करायचं?"

मी जिथे शिकले तिथे असं धरून चालतात, की प्रत्येक माणूस आपली चिठ्ठी आपल्या खिशात ठेवतो. या मुलीला कामाची वस्तू दाबून ठेवणं माहीतच नव्हतं. चूक तिची कशी म्हणायची? लाज वाटली ती मला.

"त्या सायबांनी माझ्या पावतीवर लिवलं," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. बनावट. मी खोटी नाय ओ."

"नाहीस," मी म्हटलं. "ते मी पुसून आणीन."

पाचही जणींनी छापून घेतलेल्या पावत्या सरांनी ट्रंकेत जपल्या होत्या, प्रत्येकीची नक्कल काढून. नंबर एकच, नावं पाच. पावतीच्या खाली सगळी माहिती छापायची सोय मी ठेवली होती, तेवढंच एक काम माझ्या हातून बरं झालं होतं. चौघींचे अर्ज त्यावरून पुन्हा उभे राहणार होते. सगळ्यात शेवटी भरलेला पाचवीचा सर्व्हरवर होताच.

मी तशीच संस्थेत गेले नाही. आधी घरी येऊन पत्र लिहिलं. सेशन, सर्व्हर असले शब्द चार वेळा लिहून चार वेळा खोडले. शेवटी साधं लिहिलं, की या पाचही पावत्या खऱ्या आहेत, वेबसाइटने पाच जणींना एकच समजलं, ही चूक मी केली आहे, आणि खाली माझी सही. साहेबांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "कंपनीच्या लेटरहेडवर हे जाणार नाही." मी म्हटलं, लेटरहेड मागितलंय कोणी? कोऱ्या कागदावर लिहिलेलं तेच पत्र घेऊन मी संस्थेच्या प्रमुख बाईंसमोर बसले. त्या म्हणाल्या, यादी लागलेली आहे. मी म्हटलं, मी थांबते. त्यांची वॉर्डातली राउंड झाली, जेवण झालं, चहा झाला. मी तिथेच बसून होते. चार वाजता त्यांनी कारकुनाला बोलावून चार नावं वाढवायला सांगितली. मी म्हटलं, आणखी एक काम आहे. त्या मुलीची पावती त्याच्यासमोर ठेवली. त्याने तो शब्द खोडला, वर 'खरी आहे' असं लिहून सही केली. तोंड कडू करून केली, पण केली.

नंतर आठवडाभरात मी वेबसाइट मुळापासून बदलली. साहेबांना ते पटलं नव्हतं. त्यांच्या मते जे चालतंय त्याला हात लावू नये. मी त्यांना फळ्यावरच्या चौकटीबद्दल सांगितलं आणि म्हटलं, पत्ता फळ्यावर लिहिणारच लोक, लिहावाच. तेव्हा तो असा पाहिजे, की कोणीही लिहिला, कोणीही वाचला, तरी प्रत्येकीपुढे कोरा अर्ज उघडला पाहिजे. शेपटी काढून टाकली. पत्ता दोन शब्दांचा केला. खूण आत ठेवली, आणि अर्धा राहिलेला अर्ज उघडायला मुलीने आपली जन्मतारीख आणि आपण ठरवलेला शब्द सांगायचा. पूर्ण भरलेला अर्ज उघडला की सगळ्यात वर मोठ्या अक्षरात, "हा अर्ज अमुकचा आहे. तुम्ही त्याच का?" मुरबाडच्या कॅफेवाल्याकडे दोनदा जाऊन त्याच्या मशीनवरची बंद केलेली सोय चालू करवली. पहिल्यांदा तो नाही म्हणाला. दुसऱ्यांदा मी त्याच्या खुर्चीत बसले आणि चालू केल्यावरच उठले.

पाच जणींपैकी तिघींना प्रवेश मिळाला. त्यात ती होती. सरांनी फोन करून कळवलं आणि सांगितलं, की फळ्यावरचं पुसून नवीन पत्ता लिहिला आहे, चौकट तीच ठेवली आहे.

पाचेक वर्षांनी आईला शहापूरला एका दवाखान्यात ठेवावं लागलं. दोन दिवसांचं जागरण, त्यात माझा स्वभाव. इंजेक्शन घेऊन एक सिस्टर आली. केसपेपर तिच्या हातातच होता, तरी तिने आईला विचारलं, "आजी, नाव काय तुमचं? पूर्ण सांगा." आईला ऐकू कमी येत होतं. तिने पुन्हा विचारलं. आईने अर्धंच सांगितलं. तिने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"अहो, कागद हातात आहे ना तुमच्या? त्यावर लिहिलंय की नाव!"

"लिवलंय, ताई," ती आईकडेच बघत म्हणाली, "पन कागद एकीचा आन माणूस दुसरी, असं होतं. माझं झालंय. माझ्या खऱ्या पावतीवर बनावट लिवलं होतं एकदा."

मग तिने आईच्या कानाशी तोंड नेलं आणि चौथ्यांदा विचारलं. आईने पूर्ण नाव सांगितलं. तिने ते कागदाशी ताडून पाहिलं आणि मगच सुई उचलली.

तिने मला ओळखलं नाही. वेण्यांच्या जागी अंबाडा आला होता, मीही तिला चेहऱ्यावरून ओळखलं नसतं. ओळख द्यावी असं फार वाटलं, पण माझ्या चुकीची आठवण तिला करून द्यायला धीर झाला नाही.

संध्याकाळी ती पुन्हा ट्रे घेऊन आत आली. तिने तोंड उघडायच्या आत मी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "आई, नाव सांग तुझं. पूर्ण सांग."