तोफकाकांची न झालेली लढाई

२ ऑक्टोबर १९८४, व्हिटबी, कॅनडा. हातातलं काम: शेजारच्या तोफकाकांचा लोकरी लष्करी कोट धुऊन बेसमेंटमध्ये वाळत घालणे. ओला कोट उचलताना पाठ धरली.

तोफकाका वीज कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. बाकीचे रिटायर्ड लोक पत्ते खेळत. हे गेल्या शतकातल्या इथल्या स्वयंसेवी तोफखान्याचा वेष चढवणाऱ्या हौशी मंडळात भरती झाले. भर जुलैत तो कोट चढवून गावच्या बागेत ठेवलेल्या त्या पलटणीच्या तोफेशी उभे राहत आणि दिसेल त्याला पलटणीचा पराक्रम ऐकवत.

पराक्रम एवढाच. पाववाला, चांभार, शेतकरी असे गावकरी संध्याकाळी कवायत करत. राणीच्या वाढदिवसाला सलामी दिली की चर्चच्या काचा फुटत. एकदाच, सरहद्दीपलीकडून हल्लेखोर येताहेत म्हणून हुकूम आला. तोफ ओढायला बिअरच्या कारखान्याचे घोडे उसने आणले. ते सवयीप्रमाणे वाटेतल्या प्रत्येक गुत्त्यापाशी थांबले. घोडे थांबले, की गोलंदाजही थांबले. तोफ तळ्याकाठी पोचेपर्यंत हल्लेखोर कंटाळून परत गेले होते.

"म्हणजे जिंकले की हरले?" मी एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं.

"सगळे घरी आले, सुमनबाई! अशी दुसरी पलटण दाखवा."

खंडेनवमीला ते तोफेला हळद-कुंकू लावत, झेंडूची माळ घालत आणि सोनं म्हणून मेपलची पानं वाटत. सोनं एक दिवस आधीच, कारण "लोकांना दोन-दोन दिवस वेळ कुठे असतो?" पहिल्या वर्षी कोणीतरी तोफेला रंग फासतंय अशी तक्रार गेली. पोलीस आला, आणि कपाळाला कुंकू लावून परत गेला.

गेल्या आठवड्यात गुडघ्यांपायी मुलाने त्यांना कॅलगरीला नेलं; कोट माझ्याकडे राहिला. पाठोपाठ नगरपालिकेने ठरवलं, एकही लढाई न लढलेली तोफ गोदामात हलवायची. ट्रक उद्या, नेमका खंडेनवमीला.

काकांचा फोन आला. "सुमनबाई, माझी तोफ अंधारात नेऊ देऊ नका. कोट आहे ना तुमच्याकडे?"

"आत्ताच धुतला."

"धुतला? अहो, लष्करी कोट धुवायचा नसतो!"

"वास मारत होता."

फोन ठेवून मी दोरीवरचा कोट अंगाशी धरून पाहिला. लेक जिन्यावरून ओरडली, "आई, यू आर नॉट वेअरिंग दॅट!"

"का? थंडी आहे."

३ ऑक्टोबर. रात्रभर हीटरपाशी वाळवलेला कोट घालून मी सकाळी बागेत गेले. पूजा केली. ट्रक यायला तास लागला. वाटेत डोनटच्या दुकानाशी थांबला होता. तोवर कुत्री फिरवायला आलेले दहा-पंधरा लोक माझ्याकडून पान घेऊन, घोड्यांची गोष्ट ऐकून तोफेभोवती हसत उभे होते.

ट्रकमधून नगरपालिकेचे साहेब उतरले. "ह्या पलटणीने केलं तरी काय?"

"सगळे घरी आले," मी म्हटलं आणि त्यांनाही पान दिलं. साहेबांनी गर्दीकडे पाहिलं, पान खिशात घातलं आणि ट्रक रिकामाच परत पाठवला.

घरी येऊन कॅलगरीला फोन लावला. "तोफ जागेवर आहे, काका. कोट मात्र आटला. मला अगदी बरोबर बसतो."