माझ्या पाण्यात बोल

अन्याय झाला तो माकणी गावच्या एका मुलीवर. केव्हा? यंदाच्या जूनमध्ये, दुसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले त्या सोमवारी सकाळी, धाराशिवला आमच्या कॉलेजच्या ऑफिसची खिडकी उघडली तेव्हा. रांगेत ती पहिली होती. पहाटेच्या एसटीनं आलेली, डब्याची पिशवी अजून खांद्यालाच. खिडकीत वाकून तिनं स्पष्ट सांगितलं, "मेजर, ग्रीस आणि रोम."

भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या क्लार्कनी, मान वर केली नाही. "ग्रीस? ते गाडीला लावायचं असतंय पोरी. इषय सांग."

मागची रांग हसली. ती नाही हसली. तिनं तेच परत सांगितलं: मेजर, म्हणजे मुख्य विषय, ग्रीस आणि रोम.

"बंद झालाय तो. समाजशास्त्र घे, न्हाय तर गृहशास्त्र. पुढं कोण हाय?"

झालं. ना नोटीस, ना कारण. एका मुलीनं कित्येक महिने ज्याची वाट बघितली ते एका वाक्यात संपवलं आणि पुढच्याला बोलावलं. मी बाजूलाच उभी होते. मी तिसऱ्या वर्षाला, हाच विषय घेऊन. माझ्या तुकडीचं शिक्षण पूर्ण होणार होतं. तिचं सुरूच होणार नव्हतं.

मी कळंबची. अकरावीपासून पत्रकं लिहिते. वसतिगृहाला पाणी नाही, पत्रक. एसटीची फेरी रद्द, पत्रक. त्याची एक पद्धत ठरलेली असते: वर ठळक अक्षरात 'जाहीर निषेध', खाली आरोप, त्याखाली मागण्या. समोरच्याचं म्हणणं पत्रकात नसतं. कागद आपला, शाई आपली, त्याला कशाला जागा द्यायची? माईक हातात आला की मी सोडत नसे. सभेत कुणी चिठ्ठी पाठवली, 'आवरतं घ्या', तर ती चिठ्ठीच मोठ्यानं वाचून दाखवायची आणि आणखी बोलायची.

हा विषय मी काही प्रेमानं घेतला नव्हता. त्याचे तास दुपारी असायचे आणि सकाळ मोर्च्यांना मोकळी राहायची, म्हणून घेतला. घरी आई म्हणाली, "गिरीक शिकून काय करणार? कलेक्टर व्हनार का?"

पहिल्या तासाला मॅडम वर्गात आल्या त्या दोन मडकी घेऊन. एका मडक्याच्या तळाशी भोक, त्यात रिकाम्या बॉलपेनची नळी मेणानं बसवलेली. ते त्यांनी स्टुलावर ठेवलं, दुसरं खाली. वरच्यात पाणी ओतलं, नळीवर बोट धरलं आणि मला उठवलं. "लई बोलतीस म्हणं. बोल, कशावर पण." बोट काढलं.

मी वसतिगृहावर बोलायला लागले. धार खाली पडत होती. मी मागण्यांपर्यंत पोचायच्या आत धार तुटली, थेंब थेंब झाला, थांबला. मॅडम म्हणाल्या, "बस. तुझं पाणी संपलं."

मग त्यांनी सांगितलं. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या कोर्टात असंच मडकं असायचं. वर न्यायाधीश नाही, वकील नाही. चिठ्ठ्या टाकून निवडलेली शेकडो साधी माणसं बाकांवर बसायची: चांभार, शेतकरी, मासे विकणारा. दोन्ही बाजूंना पाणी सारखं. नगरातला सगळ्यात बलाढ्य माणूस असो की फाटक्या अंगाचा, मडकं एकाच मापाचं. साक्ष किंवा कायदा वाचून दाखवायचा असला की बोलणारा म्हणायचा, पाणी अडवा. तेवढा वेळ नळी बंद. आणि आपल्या बाजूच्या दुसऱ्या कुणाला बोलू द्यायचं असलं तर म्हणायचा, माझ्या पाण्यात बोल.

मागून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आपल्याकडं ज्याचा टँकर तो बोलतो." सगळा वर्ग हसत सुटला. मॅडमही हसल्या. मी मात्र त्या ओल्या नळीकडं बघत बसले. माझ्या गावात, माझ्या तालुक्यात मी एकही सभा बघितली नव्हती जिथं मोठ्या माणसाला कुणी थांबवलंय. आणि तिथं नुसत्या पाण्यानं थांबवलं होतं! पोलीस नाही, आरडाओरडा नाही. भोक पाडलेलं एक मडकं. ही गोष्ट माणसांना सुचली कशी? सुचली ती सुचली, बलाढ्य माणसांनी मान्य कशी केली? त्या दिवशी मी संध्याकाळची बैठक बुडवली आणि लायब्ररीत बसले.

माकणीची मुलगी तेव्हा पहिल्या वर्षाला होती. तिची परतीची एसटी उशिराची, म्हणून स्टँडवर बसण्यापेक्षा आमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायची. मॅडमनी कधी हाकललं नाही. महिनाभर ती काही बोलली नाही. मग एकदा, मी अथेन्सची तारीफ करत असताना, मागून आवाज आला.

"मॅडम, त्या कोर्टात मला पाणी मिळालं असतं का?"

मॅडम म्हणाल्या, "नाही. बाईला तिथं बोलता येत नव्हतं. तिच्या वतीनं बाप बोलायचा, भाऊ बोलायचा. गुलामाची तर साक्ष मारहाण करून घ्यायचे."

"मग सारखं कुठं होतं?"

मला राग आला. आधी तिचा, मग अथेन्सचा, मग स्वतःचा. मी बाई असून हे विचारलं नव्हतं. पण आश्चर्य कमी झालं नाही, वाढलं. एवढं मोठं काहीतरी शोधून काढणारी माणसं आपल्याच घरातल्या माणसांपाशी येऊन थांबली होती. आम्ही दोघी त्या संध्याकाळी तिच्या एसटीची वेळ होईपर्यंत भांडलो.

हिवाळ्यात मॅडम आम्हाला तेरला घेऊन गेल्या. तेर आमच्याच जिल्ह्यातलं. लहानपणापासून मी तिथं देवदर्शनाला गेलेली, भजी खाऊन परत आलेली. संग्रहालयात कधी पाऊल टाकलं नव्हतं. काचेमागं मातीचे दिवे होते, मूर्ती होत्या, रोमशी व्यापार होता तेव्हाच्या वस्तू होत्या. मॅडमनी सांगितलं की दोन हजार वर्षांपूर्वी कुणा ग्रीक बोलणाऱ्या दर्यावर्दीनं, ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही, धंद्याच्या वाटा लिहून ठेवताना या गावाचंही नाव लिहिलं. तगर. इथलं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराला जायचं आणि तिथून समुद्रापार.

म्हणजे आम्ही त्यांना अनोळखी नव्हतोच. त्यांच्या अंगावर आमचं कापड होतं. मी काचेला नाक लावून उभी राहिले तर रखवालदार म्हणाला, "बाई, काच पुसावी लागती."

माकणीची मुलगी नदीकडं गेली होती. तेरणेच्या काठावर उभी राहून म्हणाली, "ताई, हीच पुढं आमच्याकडं येती. धरणात." वाकून पाण्यात हात बुडवला. मग म्हणाली, "मी हेच घेणार. मेजर."

म्हणून मला त्या सोमवारचा एवढा संताप आला. दुपारपर्यंत पत्रक तयार होतं. 'जाहीर निषेध' ठळक. मॅडमना दाखवलं. त्यांनी पूर्ण वाचलं आणि विचारलं, "ह्यात प्राचार्यांचं म्हणणं कुठंय?"

"त्यांचं कशाला?"

"वर्षभर काय शिकलीस माझ्याकडं?"

मी पत्रकाची घडी घातली.

"जा. सरांना बोलाव. म्हणावं, तुमच्यासाठी मडकं भरून ठेवलंय."

प्राचार्य हसले. "म्हणजे मला आरोपी करणार?"

"नाही सर. दोघांनाही तेवढंच पाणी."

त्यांना गंमत वाटली असावी. येतो म्हणाले.

आवारातल्या कडुनिंबाखाली स्टुलं मांडली. प्रवेशाला आलेली पोरं, त्यांचे बाप, कुणाच्या आया, असे लोक जमले. त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून पंच निवडले. प्रत्येक पंचाला दोन चिंचोके दिले, एक अख्खा, एक फोडलेला. अथेन्समध्ये ब्राँझच्या चकत्या असत, आमच्याकडं चिंचोके. अख्खा म्हणजे विषय राहू दे, फुटका म्हणजे बंद. मूठ झाकून डब्यात टाकायचा, कुणाला कळता कामा नये. आमचे शिपाईमामा घागर आणताना कुरकुरत होते, "नळ कवा येतोय ते ठाव हाय का? आन् ह्यांना बोलाया पाणी पायजे."

"खालच्या मडक्यातलं झाडांना घाला, मामा," मॅडम म्हणाल्या.

आधी प्राचार्य. बोलायला ते पट्टीचे. म्हणाले, मुलं येत नाहीत, अर्धी बाकं रिकामी असतात. रिकाम्या बाकांसाठी मी वरती शिक्षक कोणत्या तोंडानं मागू? इथली पोरं घरातली पहिली शिकणारी आहेत, त्यांना नोकरीला जोडलेला विषय नको का? मला मध्येच ओरडायचं होतं. पण पाणी त्यांचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी विरोधकाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. हे मला अजिबात आवडलं नाही.

"आणि म्हणून मी या सर्वांसमोर ठामपणे..."

थेंब थांबला.

"सर, पाणी," मॅडम म्हणाल्या.

आमचे प्राचार्य झेंडावंदनाला उन्हात पोरं चक्कर येऊन पडली तरी बोलत राहणारे. त्यांनी मडक्याकडं बघितलं, वाक्य तिथंच टाकलं, आणि खाली बसले. कुणी हसलं नाही. मी पुस्तकात वाचलेली गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर, धाराशिवच्या कडुनिंबाखाली घडली होती. मडकं बाजारातलं, नळी पेनची, आणि थांबणारा माणूस खरा.

मग माझं मडकं भरलं. मी उठले आणि सवयीनं सुरू केलं: "आज या कॉलेजच्या इतिहासातला काळा दिवस..." विशेषणांमागून विशेषणं. खाली पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि अजून मी एकही मुद्दा मांडला नव्हता. घाबरून म्हणाले, "मॅडम, पाणी अडवा."

"पुरावा वाचणार असशील तर अडवते. वाचतीस का?"

"नाही."

"मग वाहू दे."

समोर माकणीची मुलगी बसली होती, पिशवी मांडीवर. मी म्हणाले, "ऊठ. माझ्या पाण्यात बोल."

"ताई, मला भाषण येत न्हाय."

"भाषण नकोच आहे. ऊठ गं."

ती उठली. प्राचार्यांकडं बघून बोलली, माझ्याकडं नाही. "सर, मी माकणीची. एसटीला उशीर असतोय म्हणून ह्यांच्या वर्गात बसायची. तिथं कळलं की त्या लोकांनी सगळ्यांना सारखं पाणी दिलं, पण बाईला न्हाय दिलं. ते मला लई लागलं. पण ते लागायला सुद्धा आधी शिकावंच लागलं ना? का न्हाय दिलं, पुढं रोममध्ये काय झालं, ते मला शिकायचंय. घरी बसून ते कोण सांगणार? तुम्ही म्हणता मुलं न्हाईत. मी हाय की. खिडकीत पहिली मीच होते."

आणि बसली.

मडक्यात पाणी शिल्लक होतं. मॅडमनी नळीवर बोट ठेवलं नाही. मला बोलता आलं असतं, मी बोलले नाही. उरलेलं पाणी सगळ्यांच्या देखत खाली पडत राहिलं आणि एवढी माणसं नुसती ते ऐकत उभी राहिली. शिपाईमामासुद्धा.

चिंचोके मोजायला प्राचार्य स्वतः बसले. अख्खे जास्त निघाले. ते म्हणाले, "निकाल मान्य. पण चिंचोके बाकावर बसत नाहीत. श्रावण लागायच्या आत प्रवेशाची खिडकी बंद होईल. तोपर्यंत वर्ग भरा. नाही भरला तर माझंच खरं."

तेव्हापासून मॅडम दुसऱ्या वर्षाचा तास घेतात आणि ती रोज येते. मागचं बाक सोडून आता पहिल्या बाकावर बसते. तिच्याबरोबर कळंबचे दोघं आहेत, बाकी बाकं रिकामी. वर्ग भरला तर तिला हा विषय मिळेल, नाही तर गृहशास्त्र.

मी पत्रक लिहायला बसले होते, त्याचं हे झालं. यात प्राचार्यांचं म्हणणं पूर्ण दिलंय, तपासून घ्या. माझं पाणी आता संपत आलंय, म्हणून सरळ सांगते. यंदा तुम्ही दुसऱ्या वर्षाला जाणार असाल तर खिडकीवर या. तुमच्या घरातलं कुणी जाणार असेल तर त्याला पाठवा. भाऊसाहेब गाडीचा विनोद करतील, करू द्या. वाका, आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगा: मेजर, ग्रीस आणि रोम.