शेजारचं रिकामं आभाळ

वजाबाकीवर इतकं प्रेम करणारा माणूस आमच्या भावोजींखेरीज अख्ख्या बंगळुरात झाला नसेल. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, हे यजमान कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. साठ सालानंतरची सगळी वर्षं त्यांना एकच ध्यास होता: ताऱ्यांच्या मधे पसरलेल्या विद्युतभारित वायूची, डोळ्यांना न दिसणारी ऊब यंत्रावर पकडायची. अडचण अशी, की आपलं आभाळही उबदार आणि दुर्बीणही उबदार. म्हणून आधी मृग नक्षत्रातला वायू मोजायचा, मग शेजारचं रिकामं आभाळ मोजायचं आणि वजा करायचं. हे खूळ दुर्बिणीपाशी थांबलं असतं तर बरं होतं. पण बाजारात ते भाजीवालीला आधी रिकामी पारडी तोलून दाखवायला लावत. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले, तर म्हणाले, "मुलाला स्वल्प बाहेर पाठवा. तो नसताना घर कसं वाटतं, ते आधी बघू." स्थळ अर्थातच हातचं गेलं. घरी कॉफीआधी त्याच पेल्यात नुसतं गरम पाणी पीत. अक्का म्हणायची, "अहो, माझ्या कॉफीतनं पाणी वजा केलं तर उरंल काय, भुकटी?"

हेब्बाळच्या तळ्यापलीकडे एका मळ्यात त्यांची पत्र्याची शेड होती. दिवेलागणीला मृग वर असे, ते महिने सायकल हाणत तिकडे जायचे आणि शून्य घेऊन परत यायचे. एकदाच काटा हलला. पेढे वाटले. आठवड्याने त्यांच्याच ध्यानात आलं, की दिवसभर तापलेला पत्रा एका बाजूने यंत्राला ऊब देत होता. कुणाला कळलंही नसतं, पण ज्यांना पेढे दिले होते, त्या प्रत्येकाच्या दारी जाऊन त्यांनी सांगितलं, "ते चुकलं." मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकाच अभिमानही वाटला.

पुढच्या चैत्रात अक्का तापाने पडली. मृग पश्चिमेला कलला होता, मोसमाचे चार-सहा दिवस उरले होते. "जावा तुम्ही, बाबू आहे की जवळ," असं माझ्याकडे बघत तीच म्हणाली. ते गेले. परतले तेव्हा मी दारात उभा होतो आणि सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर गेलो, तर भावोजी स्वयंपाकघरात पाटावर बसलेले. मी कॉफी करून पुढे ठेवली. त्यांनी हात लावला नाही.

"रिकामं मोजतोय, बाबू," ते म्हणाले. "हे माप आता रोज मिळंल. पण ती होती तेव्हाचं माप मी कधी घेतलंच नाही रे. आता हे वजा कशातनं करू?"