दोन सेकंदांत साठ दाढ्या

सकाळी सात वाजता मी नदीपात्रात उतरले आणि समोरची गर्दी बघून जागीच थांबले. गावातले साठ बाप्ये उभे होते. सगळे वेळेवर आलेले, सगळे हसतमुख, आणि एकाच्याही गालावर दाढीचा खुंट नाही.

मी सिनेमात कंटिन्युइटी बघते. म्हणजे एकच प्रसंग दोन दिवस शूट झाला तरी पडद्यावर तो सलग वाटला पाहिजे, हे सांभाळायचं. काल डाव्या हातात असलेला कप आज उजव्या हातात दिसला, तर बोलणी मला बसतात. हे काम स्वतंत्रपणे मिळालेला हा माझा पहिलाच सिनेमा होता.

सिनेमा विनोदी. प्रवरेच्या पात्रात परग्रहावरचं यान उतरतं आणि अख्खं गाव त्याच्याशी भिडतं. मुंबई-पुण्याचे सतरा कलाकार, बाकी गर्दी कोल्हारजवळच्या या गावातली. काल यान उतरलं होतं. आज त्याचं दार उघडायचं होतं. पडद्यावर मध्ये अंतर फक्त दोन सेकंदांचं. आणि सतराही जणांच्या एकत्र तारखा आज संध्याकाळी संपत होत्या.

मी कालचे फोटो काढून बघितले. काल पांढरे खुंट, धुळकट सदरे. आज मिशा काळ्याकुळकुळीत, सदऱ्यांना कडक इस्त्री.

गर्दी जमवायचं काम गावातले सलूनवाले अंबादासनाना बघत होते. मी त्यांना गाठलं.

"नाना, कालचेच कपडे घालून या म्हटलं होतं ना?"

"मग कालचेच हायेत की. धून, इस्त्री करून घातलेत. मळक्या कापडात कोन सिनेमात उभं ऱ्हाईल, ताई?"

"आणि दाढ्या?"

"दाढीचं तुमी काय बोलला न्हवता. काल सांजच्याला दुकानाम्होरं ही लाईन हुती! कलप संपला, तर बेलापूरवरनं मागवला."

नानांच्या चेहऱ्यावर मदत केल्याचं समाधान होतं. मला रडू येत होतं. साठ जणांच्या टोप्या, चपला, गमछे मी वहीत उतरवले होते. दाढीबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

मेकअपवाला म्हणाला, "कपडे मळवता येतील. साठ जणांना खुंट चिकटवायचे तर अख्खा दिवस जाईल."

दिग्दर्शक शिरीषदादांना मी सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली.

"चूक कोणाची?"

"माझी."

"दहा वाजेपर्यंत मार्ग काढ. नाहीतर पुढच्या शेड्यूलला तू नकोस."

मी परत नानांकडे आले आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. "नाना, समोर यान उतरलंय! माणूस जीव घेऊन पळेल की दाढी करत बसेल?"

नाना म्हणाले, "दार उघडलं का त्याचं?"

"नाही अजून."

"मग येळ हाय की. एवढ्या लांबून पाव्हनं आलेत. खुंट वाढवून म्होरं जायचं व्हय?"

मी धावत दादांकडे गेले. मध्ये एक शॉट टाकू म्हटलं. दार उघडत नाही, म्हणून सगळं गाव सलूनला जातं आणि नटूनथटून परत येतं.

"पण यांच्या दाढ्या तर झाल्यात," दादा म्हणाले.

"फेस लावू. फेसाखाली दाढी आहे की नाही, कोणाला दिसतंय? मिशांनाही फेस आणि डोक्याला टॉवेल, की कलपही झाकला जाईल. इस्त्रीचे सदरे काढून बनियनवर उभं करू."

दादांनी घड्याळ बघितलं. मग ते म्हणाले, "कॅमेरा सलूनकडे न्या."

दुकानाबाहेर साठ माणसं तोंडाला फेस लावून रांगेत उभी राहिली. वस्तरा नानांच्याच हातात. कलाकारही दाढी करून आल्यासारखे दिसावेत म्हणून त्यांचे चिकटवलेले खुंट मेकअपवाल्याने तेवढ्यात काढून टाकले. साडेचारला यानाचं दार उघडलं.

थिएटरात सगळ्यात मोठा हशा त्याच रांगेला येतो. कोणाला सुचलं, असं विचारलं की दादा सांगतात, स्क्रिप्टमध्येच होतं. पुढच्या शेड्यूलला मी होते, तेवढं पुरे.

आता शूटिंगला कुठल्याही गावात गेले की लोकेशन नंतर बघते. आधी सलून कुठे आहे ते विचारते.